अडगळीतून आलेला आवाज

कायद्याचा हेतू एक असावा आणि त्याचे फळ भलतेच मिळावे, असे राज्यकारभाराच्या इतिहासात अनेकदा घडते. हौशी बिनतारीचा इतिहास हे त्याचे एक बोलके उदाहरण होय. १९१२ साली अमेरिकन शासनाने हौशी मंडळींना २०० मीटर व त्याखालील लहरींत ढकलले. दूरच्या संदेशवहनास या लहरी निरुपयोगी आहेत, अशी त्या वेळी सर्वत्र समजूत होती. परंतु १९२३ च्या नोव्हेंबरात अशाच आखूड लहरींवरून एक अमेरिकन आणि एक फ्रेंच हौशी यांनी अटलांटिक महासागर ओलांडून परस्परांशी संवाद साधला, आणि ती समजूत कायमची निकालात निघाली.

पुढे १९६० च्या सुमारास हाच प्रकार निराळ्या रूपात घडला. एडविन आर्मस्ट्राँग यांनी लहरींची कंपनसंख्या बदलत आवाज वाहून नेण्याची जी पद्धती सिद्ध केली, तिचे पेटंट त्यांना १९३३ साली मिळाले. हीच आजची एफ. एम. पद्धती. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी आपल्या गाड्यांवर या पद्धतीची दुतर्फी बिनतारी यंत्रे बसविली. महायुद्धानंतर टॅक्सीवाले, अग्निशामक दले आणि वीज कंपन्याही याच वाटेने गेल्या. लहरींच्या मार्गावर गर्दी झाली. तेव्हा शासनाने आज्ञा केली की, ध्वनीमुळे होणारे कंपनसंख्येचे विचलन १५ किलोहर्ट्झवरून ५ वर आणावे. एका मार्गाचे दोन मार्ग करण्याची ही युक्ती होती. परिणामी, धडधाकट असूनही जुनी यंत्रे व्यवसायाच्या दृष्टीने मोडीत निघाली.

ती हौशी लोकांनी अल्प किमतीत उचलली. व्यावसायिक यंत्रे १५० मेगाहर्ट्झच्या थोडी वर चालत, तर अमेरिकेतील हौशी लोकांचा पट्टा १४४ ते १४८ असा, म्हणजे अगदी शेजारचा. यंत्राची कंपनसंख्या आतील स्फटिकावर ठरते. काही यंत्रांत ती पायरीपायरीने चोवीस पट होई. अशा प्रक्षेपकात ६.१२२५ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसविला की, १४६.९४ ही कंपनसंख्या मिळे. ग्राहकासाठी वेगळा स्फटिक लागे. मग वेटोळ्यांतील गाभे हलकेच फिरवून प्रत्येक टप्पा नव्या कंपनसंख्येशी जुळवावयाचा. आणि यंत्र घरी वापरावयाचे असेल, तर गाडीच्या बॅटरीऐवजी घरच्या विजेची सोय करावयाची.

या यंत्रांवर मनाला येईल तेथे काटा फिरविण्याची सोय नव्हती. पण हीच उणीव गुणास आली. सर्वांनी एकाच ठरावीक कंपनसंख्येवर यावे, असा प्रघात पडला. हाक येईपर्यंत यंत्र मूक राही; मात्र कोणी हाक दिली की, ऐकणारे अनेक असत. पुढे डोंगरमाथ्यावर, १४६.३४ वर ऐकून तेच १४६.९४ वर पुन्हा प्रक्षेपित करणारी केंद्रे उभी राहिली. खुद्द शासनाने १९७२ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम केले.

यंत्रे आली आणि गेली. खरी मोलाची ठरली ती हाताशी असलेले साधन ओळखून कामास लावण्याची सवय. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीने अंदमान-निकोबारची दळणवळण व्यवस्था कोलमडली, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हौशी मंडळींनी मुख्य भूमीशी संपर्क राखला, आणि आप्तांची खुशाली कळण्यासाठी जीव टांगणीला लागलेल्या कुटुंबांना निरोप पोहोचविले. परीक्षा घेऊन परवाने देणाऱ्या शासनाला या छंदाचे मोल कळते, ते अशाच दिवशी.