जमीन बदलली आणि नखं वाढली

कर्जत-खालापूर पट्ट्यात, अगदी कुंभिवलीसारख्या गावाच्या आसपासही, आता फरशीच्या घरात राहणारी कुत्री दिसू लागली आहेत. त्यांची नखं घरी कापायला कोणतं हत्यार घ्यावं, असा प्रश्न आला की जुनी माणसं ‘शहरी लाड’ म्हणून तो उडवून लावतात. गावच्या कुत्र्याची नखं कधी कोणी कापली होती का, हा त्यांचा सवाल खराच आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. जनावराच्या नखाला किंवा खुराला हत्यार लागतं की नाही, हे मालकाच्या मायेवर ठरत नाही. ते पायाखालच्या जमिनीवर ठरतं, आणि याचा पुरावा याच भागाच्या इतिहासात आहे.

बोरघाटाचंच पाहा. गाड्या जाण्याजोगा रस्ता तिथे 1830 मध्ये, गव्हर्नर माल्कमच्या काळात खुला झाला. त्याआधी घाटाची वाहतूक मुख्यतः पाठीवर ओझं घेतलेल्या बैलांची. नंतर खडीच्या रस्त्यावर गाडीचे बैल आले. भाताच्या खाचरात चिखल तुडवणाऱ्या बैलाला नाल लागत नाही. तोच बैल खडीवर भरली गाडी ओढू लागला की त्याचा खूर वाढीपेक्षा वेगानं झिजतो, म्हणून नालबंदाला बोलवावं लागतं. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे दोन्ही फाळ्यांना वेगवेगळी पत्री ठोकायची. म्हणजे बैल तोच, मालकही तोच. रस्त्यानं नवी गरज आणली. माथेरानला याची दुसरी बाजू दिसते. ह्यू मॅलेटनं 1850 मध्ये हे ठिकाण पुढे आणलं. तिथे मोटारींना बंदी राहिली, म्हणून घोडा टिकला आणि घोड्याबरोबर नालबंदाचं कामही. हे काम नुसतं नाल ठोकण्याचं नसतं. नाल बसली की खुराची झीज थांबते, वाढ मात्र चालूच राहते. म्हणून दर काही आठवड्यांनी जुनी नाल काढायची, वाढलेला खूर धारदार पात्यानं तासायचा, कानशीनं सपाट करायचा आणि मगच नवी नाल ठोकायची. झीज थांबली की कापणं आलंच, हा नियम नालबंदाला रोजच्या कामातून ठाऊक होता.

कुत्र्यालाही हाच नियम लागू आहे. मांजर नखं आत ओढून घेतं. कुत्र्याला तसं करता येत नाही. त्याची नखं जमिनीला लागत राहतात. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची कुत्री माणसांबरोबर रानात शिकारीला जात. काळ्या कातळावर, मुरमावर, ओढ्याच्या गोट्यांवर दिवसभर पळत. त्यांच्या नखांना जमीनच कानस होती. गावगाड्यातही याचं प्रतिबिंब दिसतं. न्हाव्याच्या धोपटीत वस्तरा, चिमटा आणि माणसाची नखं काढायची नराणी असे. खुरांसाठी नालबंद होता. कुत्र्याच्या नखांचं काम मात्र बारा बलुत्यांत कुणाच्याही वाट्याला आलेलं नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गावगाड्याच्या मौनावरून गरज नव्हतीच असं कसं म्हणायचं? अस्पृश्य मानलेल्या माणसांची हजामतसुद्धा गावचा न्हावी करत नसे; म्हणून त्यांची नखं वाढत नव्हती थोडीच! हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी केवळ मौनावर विसंबत नाही. खरा पुरावा कुत्र्याच्या पायात आहे. आजही दिवसभर कच्च्या वाटांवर फिरणाऱ्या गावठी कुत्र्याची जमिनीला टेकणारी नखं आखूड, बोथट असतात, आणि गुळगुळीत फरशीवर वाढलेल्या कुत्र्याची लांब होऊन टकटक वाजतात. माया कमी होती, हे स्पष्टीकरणही टिकत नाही. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला बांधली गेली; कुत्र्यावर जीव लावणं ही काही आजची गोष्ट नाही. अपवाद एकच, पण महत्त्वाचा: पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीपासून वर राहणारं अंगठ्याचं नख. ते गावठी कुत्र्याचंही पुरेसं झिजत नाही आणि कधी गोल वळून कातडीत रुततं. अपवाद असूनही तो नियमच पक्का करतो, कारण त्या नखाला जमीन लागत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण खुला झाल्यावर शहरी राहणीमान या तालुक्यांत वेगानं शिरलं आणि गुळगुळीत फरशी, टाइल्स आल्या. अशा घरातल्या कुत्र्यासाठी हत्यार निवडताना जुन्या कारागिरांचं शहाणपण अजूनही उपयोगी आहे. माणसाचा नेलकटर नको. तो चपट्या नखासाठी आहे, कुत्र्याचं गोल नख त्यात चिरडतं, फुटतं. लहान कुत्र्याला छिद्रातून नख घालून सरकत्या पात्यानं कापणारं हत्यार चालतं, पण त्याचं पातं बोथट झालं की लगेच बदलावं लागतं. मध्यम आणि मोठ्या कुत्र्याला पकडीसारखं, दोन वक्र पात्यांचं हत्यार चांगलं. माझा कौल त्यालाच. अंगठ्याच्या वळलेल्या नखाखालीही ते सहज जातं. विजेवर फिरणारी कानस हळूहळू घासते, त्यामुळे खोल कापलं जाण्याची भीती कमी. पण तिचा आवाज आणि ताप कुत्र्याला सवयीचा करावा लागतो, आणि पंजावरचे लांब केस तिच्यात गुंततात.

हत्यार कोणतंही असो, धार हवी आणि काप बारीक हवा. नखाच्या आत रक्ताची शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही. म्हणून काळं नख चकती-चकतीनं कापावं आणि कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांबावं. चुकून रक्त आलंच तर न्हाव्याच्या पेटीतली तुरटी इथेही कामाला येते. तिची पूड दाबून धरावी, थोडं चुरचुरेल. रक्त थांबत नसेल किंवा नख कातडीत रुतलं असेल तर जनावरांच्या डॉक्टरकडेच न्यावं. आणि हत्यार विकत घेण्याआधी कुत्र्याला रोज खडबडीत वाटेवर फिरवायला सुरुवात करा. कर्जत-खालापुरात तशा वाटा अजून आहेत. त्यानंतर जेवढं नख उरेल, तेवढ्यापुरतंच हत्यार लागेल. अंगठ्याचं नख मात्र दर महिन्याला न चुकता तपासा.