टॅपेट सेटिंग: आवाज न करणारी बाईकही धोक्यात असू शकते

इंजिन टकटक करू लागलं की आपण म्हणतो, टॅपेट वाजतायत. पण मोठं नुकसान अनेकदा आवाज न येताच होतं.

व्हॉल्व्ह आणि रॉकरमध्ये केसाएवढी फट लागते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. फट वाढली तर आवाज येतो. फट संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याची उष्णता सीटकडे जात नाही आणि तो जळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला हा धोका जास्त.

घरी कसं तपासाल?

1. इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम.
2. प्लग काढा. इंजिन हाताने फिरवून मॅग्नेटवरची 'टी' खूण जुळवा. रॉकर दाबलेले असतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या.
3. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची फिलर गेजची पट्टी फटीत घाला. ती किंचित अडखळत सरकली पाहिजे.
4. माप चुकत असेल तर लॉकनट सैल करून स्क्रू फिरवा. नट आवळताना स्क्रू धरून ठेवा आणि पुन्हा मोजा.

केटीएम ड्यूक 390 सारख्या बाईकमध्ये स्क्रूऐवजी शिम असतात. ते काम वर्कशॉपवर सोडा.

आणि लक्षात ठेवा: आवाज बंद करायला टॅपेट कधीच मापापेक्षा जास्त आवळू नका.