कोंकणांतील ख्रिस्ती धर्मशिक्षण व अपंग शिष्य

१. विरारच्या पूर्वेस, पापडखिंडीच्या तलावाच्या बाजूस, फुलपाडा म्हणून वस्ती आहे. आज ती वसई-विरार महानगरपालिकेंत व पालघर जिल्ह्यांत मोडते. कॅथलिक धर्मव्यवस्थेच्या दृष्टीनें ती ता. २२ मे १९९८ रोजीं मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांताच्या हद्दींत येते. वसईच्या इतिहासांत १५३४ चा तह, १७३९ ची चिमाजीआप्पांची मोहीम, किल्ला व शिलालेख यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तेथील ख्रिस्ती समाजांतील जो मनुष्य अंध, बहिरा-मुका किंवा बुद्धीनें आजन्म बालकच राहिला, त्यास धर्म कसा शिकविला गेला, हा प्रश्न सहसा कोणी विचारलेला नाहीं. त्याचें उत्तर कोणत्या साधनांत शोधावें, एवढेंच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. आधीं ग्रंथांकडे पाहूं. फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आला व १६१९ मध्यें वारला. त्याचें कोंकणी भाषेंतील प्रश्नोत्तररूप ‘दौत्रीन’ हें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. त्याचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ त्यापूर्वींच, १६१६ मध्यें, रोमन लिपींत छापून झालें होतें. पुराणाची प्रस्तावनाच धर्मशिक्षणाच्या वर्गांत घडते. रविवारीं मुलांस दौत्रीन सांगणें चाललें असतां एक ब्राह्मण पुढें होऊन, आम्हांसही पुराणासारखें कांहीं द्यावें, अशी मागणी करितो. घोकलेल्या प्रश्नोत्तरांनीं मन भरत नाहीं, ही तक्रार अशा रीतीनें ग्रंथांतच नमूद आहे.

दहा हजारांहून अधिक ओंव्यांचा हा ग्रंथ कानांनीं घेण्याचा. त्यामुळें अंध मनुष्यास तो ऐकण्यास अडचण नव्हती. तो डोळसाच्या शेजारीं बसून तितकेंच घेऊं शके. परंतु बहिऱ्यास ओंवी नाहीं व मंदबुद्धीस पाठांतर नाहीं. एकाच वर्गाच्या दाराशीं एक अपंग आंत येतो व दुसरे दोघे बाहेर राहतात. आणि हा भेद व्यंगाच्या मानानें पडलेला नसून शिकविण्याच्या पद्धतीमुळें पडलेला आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

३. शास्त्र काय म्हणत होतें? ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या रोमन धर्मशिक्षणग्रंथांत याचा स्पष्ट निर्णय आहे. ज्यास जन्मापासून विवेकशक्ति नाहीं, त्यास तान्ह्या बालकाप्रमाणें चर्चच्या श्रद्धेवर बाप्तिस्मा द्यावा. मात्र ज्यास भक्तिभाव होणें शक्य नाहीं, त्यास ख्रिस्तप्रसाद देऊं नये. म्हणजे असा मनुष्य समाजांत दाखल झाला, पण पंक्तीस बसला नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानांत जन्मांधाविषयीं शिष्य विचारतात कीं हें कोणाच्या पापाचें फळ, आणि ख्रिस्त तो आरोपच नाकारतो. अपंगत्व पापाचें फळ नव्हे, हा सिद्धांत जुनाच. अडचण होती ती शिकविण्याची.

४. त्या अडचणीवर युरोपांत प्रथम धर्मोपदेशकांनींच उपाय काढिले. स्पेनमध्यें पेद्रो पोन्से दे लेओन (मृत्यु १५८४) या बेनेडिक्टाइन संन्याशानें बहिऱ्या मुलांस शिकविलें. अठराव्या शतकांत पॅरिस येथें आबे द लेपे (१७१२–१७८९) यानें दोन बहिऱ्या बहिणींस धर्मज्ञानावांचून राहूं देणें बरें नव्हे, म्हणून हाताच्या खुणांनीं शिक्षण आरंभिलें. आपल्याकडे मुंबईचे जेझुइट बिशप लिओ म्यूरिन यांनीं १८८५ च्या सुमारास मूकबधिरांची शाळा काढिली; टी. ए. वॉल्श हे तिचे मुख्याध्यापक होत. हिंदुस्थानांतील मूकबधिरांची पहिली शाळा म्हणून तिची गणना होते. बहिऱ्यास भाषा मिळाल्यावांचून त्यास कोणताच धर्म सांगतां येत नाहीं. म्हणून ही शाळा आमच्या विषयाच्या उंबरठ्यावर आहे.

५. मंदबुद्धीचा प्रश्न अधिक बिकट. ता. ८ ऑगस्ट १९१० रोजीं पोप दहावे पायस यांच्या कारकीर्दींत असा निर्णय झाला कीं सात वर्षांच्या सुमारास मुलास प्रथम ख्रिस्तप्रसाद द्यावा. त्यास धर्मतत्त्वांचें पूर्ण ज्ञान नको, साधी भाकर व ही भाकर यांतील भेद कळला म्हणजे पुरे. हा निर्णय बालकांपुरता होता. पण कसोटी पाठांतरावरून ओळखीवर आली, आणि ओळख हातानें, चेहऱ्यानें किंवा नुसत्या मौनानेंही दाखवितां येते. पुढें १९८३ च्या धर्मविधिसंहितेंत (कलम ७७७) शरीरानें वा बुद्धीनें अपंग असलेल्यांस त्यांच्या स्थितीस झेपेल तितकें धर्मशिक्षण देण्याची व्यवस्था पाहणें, हें धर्मगुरूचें कर्तव्य ठरलें. १९७१ पासून ‘फेथ अँड लाइट’ या चळवळीनें अशा मनुष्यांस व त्यांच्या कुटुंबांस एकत्र आणिलें. २०२० च्या मार्गदर्शिकेनें तर अपंगांस धर्मशिक्षणाच्या कामांतही स्थान दिलें.

६. आतां साधनांचा मुख्य मुद्दा. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें प्रत्येक धर्मग्रामांत बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह व मृत्यु यांच्या वह्यांखेरीज ‘आत्म्यांची स्थिति’ नांवाची घरवार वही ठेवण्यास सांगितलें. तींत प्रत्येक माणसाचें नांव व वय लिहून, प्रसाद घेणाऱ्याच्या नांवापुढें एक अक्षर व दृढीकरण झालेल्यापुढें दुसरें अक्षर घालावयाचें असे. जेथें अशी वही मिळेल, तेथें संशोधकानें रिकाम्या जागेकडे पहावें. घरांतील धाकट्या भावंडांपुढें खूण आहे व तीस वर्षांच्या थोरल्यापुढें नाहीं, तर त्याचें कारण शोधलें पाहिजे.

ही रिकामी जागा एकट्यानें कांहींच सिद्ध करीत नाहीं. मनुष्य परगांवीं असेल, लेखकाचा हलगर्जीपणा असेल, किंवा निर्बंध असेल. म्हणून तीच व्यक्ति पुढील वर्षांच्या वहींत व मृत्यूच्या नोंदींत ताडून पहावी. १९१० पूर्वींच्या वहींत दहा वर्षांच्या मुलापुढील रिकामी जागा सामान्य समजावी. नंतरच्या वहींत ती विशेष आहे. हा भेद न पाळल्यास अनुमान चुकेल.

७. संग्राहकांस दुसरी विनंती. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन जुन्या आवृत्त्यांच्या प्रती हातीं लागलेल्या नाहींत. १९०७ ची मंगळूर आवृत्ति सिद्ध झाली ती घराघरांतून जपलेल्या हस्तलिखितांवरून. म्हणजे छापील गेलें व हातचें उरलें. अपंग मुलांस शिकविण्यासाठीं एखाद्या आईनें किंवा शिक्षिकेनें केलेलीं चित्रें, मोठ्या अक्षरांचे तक्ते, खुणांच्या वह्या, ही आजचीं हस्तलिखितेंच होत. त्यांस कोणी पोथी म्हणणार नाहीं व रद्दीवाल्याकडे तीं सर्वांत आधीं जातील. फुलपाड्यासारख्या नव्या वस्तींत जुनीं घरें थोडीं. तेथें तर हा धोका अधिक. वसई प्रांतांतील ज्यांच्या संग्रहीं अशीं साधनें असतील, त्यांनीं तीं नांवगांव, साल व कोणासाठीं केलीं एवढ्या टिपणासह जतन करावीं. मात्र नोंदींतील व्यक्तींचीं नांवें प्रसिद्ध करूं नयेत. ज्यांनीं आपली हकीकत स्वतः सांगितली नाहीं, त्यांची अब्रू राखणें हेंही संशोधकाचें कर्तव्य होय.