घरगुती संगणक जाळे

घरगुती संगणक जाळे म्हणजे एका घरातील संगणक, मोबाइल, दूरदर्शन संच, प्रिंटर इत्यादी उपकरणांना परस्परांशी जोडणारी आणि एकच ब्रॉडबँड जोडणी त्या सर्वांना वाटून देणारी व्यवस्था होय. बोलण्यात तिला सरसकट ‘वायफाय’ म्हणतात. वस्तुतः वायफाय हा या व्यवस्थेचा केवळ बिनतारी भाग आहे. भारतात २००४ च्या धोरणानुसार किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीस ब्रॉडबँड म्हटले जाई. २०२३ पासून ही मर्यादा २ मेगाबिट आहे.

रचना

घरापर्यंत आलेल्या प्रकाशतंतूतील प्रकाशसंकेतांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारे उपकरण आणि ती जोडणी वाटून देणारा राउटर हे या जाळ्याचे दोन मुख्य घटक होत. बहुतेक ठिकाणी ही दोन्ही कामे एकच पेटी करते. तंतू तुटल्यास तिच्यावरील ‘लॉस’ हा दिवा लाल होतो. अशा वेळी घरातील मांडणीत फेरफार करून उपयोग नसतो.

राउटरचे काम वाड्याच्या दिंडीदरवाजाशी बसलेल्या माणसासारखे असते. वाड्याचा पत्ता एक, आत बिऱ्हाडे अनेक. आलेले टपाल कोणाचे हे तोच जाणतो. आयपी पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच असल्याने १९९६ साली काही पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. राउटर घरातील प्रत्येक उपकरणास असा पत्ता देतो, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक विनंतीची क्रमांकानिशी नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर योग्य उपकरणाकडे वळवतो.

घराची बांधणी आणि लहरी

विकत घेतलेला वेग आणि खोलीत मिळणारा वेग यांत जी तफावत पडते, तिचे कारण पुष्कळदा भिंतीत असते. धाराशिव जिल्ह्यातील जुनी माळवदाची घरे याचे उत्तम उदाहरण आहेत. दगडमातीच्या रुंद भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, अशी त्यांची बांधणी असते. (३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर परिसरातील मोठ्या प्राणहानीस अशीच जड बांधणी कारणीभूत ठरली.) उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी ही भिंत वायफायच्या लहरी मात्र शोषून घेते. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान असल्या तरी अशा भिंतीपलीकडे फारशा पोहोचत नाहीत, २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी तुलनेने दूर जातात, पण त्यांचा वेग कमी असतो. सिमेंट काँक्रीटची भिंत आणि पत्र्याचे छतही लहरींना अडवतात.

परिणाम केवळ दूरच्या खोलीपुरता राहत नाही. क्षीण संकेत मिळणारे उपकरण तेवढीच माहिती पाठवण्यास अधिक वेळ घेते आणि त्या काळात त्याच वाहिनीवरील इतरांना थांबावे लागते. माजघरात ऑनलाइन तासिकेला बसलेल्या विद्यार्थ्याचा आवाज तुटू लागला, की अधिक महाग योजना घेण्याकडे पालकांचा कल होतो. तो खर्च बहुधा वाया जातो.

मांडणी

राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. लोखंडी कपाटाआड ठेवू नये. मुख्य उपाय तारेचा आहे. इथरनेटची तार १०० मीटरपर्यंत पुरते आणि भिंतीच्या जाडीची तिला बाधा होत नाही. अशी तार आतल्या खोलीत नेऊन तेथे दुसरा राउटर बसवता येतो. तार त्याच्या ‘लॅन’ खाचेत जोडावी, त्यास पहिल्या राउटरच्या मालिकेतील न वापरलेला पत्ता द्यावा आणि त्याची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करावी. ती चालू राहिल्यास एका घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि जोडणी अधूनमधून खंडित होते. २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ व ११ या वाहिन्या एकमेकींत मिसळत नाहीत. दोन्ही राउटरांना त्यांतील वेगवेगळ्या द्याव्यात.

वेग मोजताना एक घोटाळा नेहमी होतो. जाहिरातीतील आकडा मेगाबिटांत असतो, तर उतरवलेल्या फाइलचा आकार मेगाबाइटांत. ८ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटांची जोडणी सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट आणते.

वीज

बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यामुळे भारनियमनाच्या काळात लहान बॅटरीवर ते चालू ठेवता येतात. प्रकाशतंतूच्या काचेतून वीज वाहत नाही. तांब्याच्या दूरध्वनी तारेतून मात्र विजेच्या कडकडाटात उच्च दाब आत शिरून उपकरणे जळण्याचा धोका असतो. दोन घरांदरम्यान उघड्यावरून नेलेल्या इथरनेट तारेसही तो लागू आहे.

सुरक्षा आणि वाटणी

डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ पद्धतीचे संरक्षण निवडावे आणि राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा. पुष्कळ घरांत तो वर्षानुवर्षे तसाच असतो. शेजाऱ्यांना पासवर्ड देणे ही आपल्याकडे सौजन्याची गोष्ट मानली जाते. तथापि बाहेरून सर्व उपकरणांचा पत्ता एकच दिसत असल्याने गैरवापराची चौकशी प्रथम जोडणीधारकाच्या दारी येते. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवण्याची सोय अनेक राउटरांत असते. दुकानातून जनतेला वायफाय पुरवायचे असल्यास डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेखाली परवाना शुल्काविना सार्वजनिक डेटा कार्यालय चालवता येते.