इमारतीचे वय आणि इमारतीची अवस्था : सुरतेच्या संदर्भात

सुरतेची मुघल सराय इ.स. 1644 मध्ये, शाहजहानच्या कारकिर्दीत हकीकत खानाने बांधविली. हजला निघालेले यात्रेकरू जहाजाची वाट पाहत तेथे उतरत. इंग्रजी अमलात तिचा तुरुंग झाला आणि 1867 पासून तेथे नगरपालिकेचे कार्यालय आले. तापीकाठचा किल्ला त्याहून शंभर वर्षांनी जुना. 1862 मध्ये सैन्य हलल्यावर तोही महसूल व पोलीस खात्यांकडे गेला. या दोन्ही वास्तू टिकल्या, त्यात भक्कम बांधणीइतकाच सततच्या वापराचाही वाटा दिसतो. कारकून बसतो ते छत गळू लागले की तक्रार होते; ओस पडलेल्या इमारतीची तक्रार करणार कोण?

याउलट 6 जुलै 2024 रोजी सुरतेच्या सचिन भागात सहा मजली निवासी इमारत कोसळली आणि सात जण दगावले. ती इमारत बांधून दहा वर्षेही झालेली नव्हती.

इमारतींची प्रतवारी करताना मात्र वयाचाच आधार पूर्वापार घेतला गेला. मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींचे अ, ब, क हे वर्ग बांधकामाच्या सालावरून पडले : 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या त्या ‘अ’. वसुलीसाठी हे सोयीचे होते, पण भिंतीला तडा आहे की नाही हे त्यातून कळत नाही. नंतर आलेली सी-1, सी-2 अ, सी-2 ब, सी-3 ही वर्गवारी अधिक उपयुक्त म्हणावी लागेल. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडावयाची, तर सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. येथे प्रश्न अवस्थेचा आहे.

वयाची कसोटी फसते याचे कारण बांधकाम साहित्यातही आहे. चुन्यातील जाड भिंत स्वतःच भार पेलते; ओल आली तर ती हळूहळू झिजते आणि झीज डोळ्यांना दिसते. सिमेंट-काँक्रीटच्या खांबात लोखंडी सळई असते. पाणी मुरले की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. वरून गिलावा व रंग नवा असल्यास बाहेरून काही समजत नाही. त्यात सुरत हे खाऱ्या हवेचे व पुराचे शहर; ऑगस्ट 2006 मध्ये शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली होता.

धोकादायक बांधकाम उतरविण्याची वा दुरुस्त करण्याची नोटीस देण्याचा अधिकार महापालिकेला 1949 च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 ने दिला. गुजरात व महाराष्ट्र दोहोंनी तो वारसा चालविला. परंतु नोटीस मिळाल्यावर भाडेकरूने जायचे कोठे, हे त्या कलमात नाही.