व्हिडिओ सेव्ह करणे, ब्लॉगवर लावणे आणि पुढे पाठवणे : काय करावे, काय टाळावे

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. मार्च २०२५ च्या सुरुवातीला आरोपपत्रातील फोटो आणि व्हिडिओतील दृश्ये बाहेर आली आणि बघता बघता ती बीड जिल्ह्यात मोबाइल-मोबाइलवर फिरली. आमच्या चकलांब्यातही तेच झालं. तीच दृश्ये न्यायालयासाठी पुरावा होती. आठवीतल्या मुलाच्या हातात मात्र त्यांचा काहीच उपयोग नव्हता. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला ती पुन्हा पुन्हा समोर येण्याचा त्रासच झाला.

व्हिडिओ एकच असतो, पण तो जपून ठेवणं, आपल्या ब्लॉगवर लावणं आणि ग्रुपवर ढकलणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींचे नियम वेगळे आहेत, परिणामही वेगळे. आज आपल्यातली कितीतरी मुलं-मुली ब्लॉग लिहितात, चॅनल चालवतात. मस्जिदचा, मदरशाचा, शाळेचा, मोहल्ल्याचा असे ग्रुप तर घरटी दोन-चार आहेत. त्या सगळ्यांसाठी ही माहिती एका ठिकाणी देत आहे.

१. एम्बेड करणे : सर्वांत सुरक्षित मार्ग

दुसऱ्याचा व्हिडिओ ब्लॉगवर दाखवायचा असेल तर तो डाउनलोड करून पुन्हा अपलोड करू नका, एम्बेड करा. एम्बेड म्हणजे व्हिडिओ मूळ मालकाच्या चॅनलवरच राहतो, आपल्या पानावर फक्त त्याची खिडकी उघडते. बघणारे मालकाच्या खात्यात मोजले जातात, त्याचं नाव दिसतं आणि आपल्या ब्लॉगची जागाही खर्च होत नाही.

यूट्यूबसाठी पद्धत अशी : संगणकावर व्हिडिओ उघडा, 'शेअर' दाबा, त्यातलं 'एम्बेड' निवडा आणि समोर आलेला कोड कॉपी करा. ब्लॉगरवर पोस्ट लिहिताना एचटीएमएल दृश्यात जाऊन तो कोड हव्या त्या जागी चिकटवा. वर्डप्रेसवर तर व्हिडिओची लिंक स्वतंत्र ओळीवर टाकली तरी पुरते, ती आपोआप खिडकी बनते. दोन तासांच्या बयानातली दहाच मिनिटं दाखवायची असतील तर एम्बेडच्या चौकटीत खाली सुरुवातीची वेळ टाकायची सोय आहे. कापाकापी न करता बरोबर त्या जागेपासून व्हिडिओ सुरू होतो. वाचकाला मागचं-पुढचं ऐकायचं असेल तर तेही तिथेच असतं.

एम्बेडच्या मर्यादाही लक्षात ठेवा :

- मालकाने एम्बेडची परवानगी बंद ठेवली असेल तर आपल्या पानावर व्हिडिओ चालत नाही. अशा वेळी साधी लिंक द्या.
- 'प्रायव्हेट' व्हिडिओ एम्बेड करून लोकांना दिसत नाही. 'अनलिस्टेड' दिसतो, पण मालकाने तो मोजक्या लोकांसाठी ठेवला असेल तर विचारल्याशिवाय लावू नये.
- फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या फक्त सार्वजनिक पोस्ट एम्बेड होतात.
- मालकाने व्हिडिओ काढला की आपल्या पानावर काळी चौकट उरते. माझ्या विद्यार्थ्यांसाठी लावलेल्या गणिताच्या व्हिडिओंचं असंच झालं. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर अर्ध्या पानांवर काहीच दिसेना. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हाही अनेक ब्लॉगवरचे टिकटॉकचे व्हिडिओ इथे दिसेनासे झाले.

म्हणून एम्बेडच्या खाली दोन-तीन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा : व्हिडिओ कोणाचा, कुठल्या तारखेचा, त्यात काय सांगितलं आहे. उद्या खिडकी बंद पडली तरी लेख उभा राहतो.

२. सेव्ह करणे : कुठे चालते, कुठे नाही

यूट्यूब अ‍ॅपमधलं डाउनलोड बटण अधिकृत आहे. त्याने उतरवलेला व्हिडिओ अ‍ॅपमध्येच चालतो, गॅलरीत येत नाही. नेटवर्क धड नसलेल्या वस्तीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या मुलाला अभ्यासासाठी ही सोय चांगली आहे. बाहेरच्या साइटवरून व्हिडिओ 'ओढणं' यूट्यूबच्या अटींत बसत नाही. शिवाय अशा अनेक साइट नको त्या जाहिराती आणि नको ती अ‍ॅप मोबाइलमध्ये घुसवतात.

कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७ लागू आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये काही मोकळीक दिली आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी व संशोधनासाठी, टीका-समीक्षेसाठी आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त प्रमाणात वापर करता येतो. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात वापरासाठीही सवलत आहे. पण 'रास्त' हा शब्द महत्त्वाचा. वर्गात दाखवणं वेगळं आणि पूर्ण व्हिडिओ आपल्या चॅनलवर टाकून त्यावर जाहिराती मिळवणं वेगळं. कलम ६३ नुसार जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

'दीनी काम आहे, याला कसला कॉपीराइट' असं आपल्यात सर्रास म्हटलं जातं. हे बरोबर नाही. नात कुणीतरी लिहिलेली असते, कुणीतरी पढलेली असते, रेकॉर्डिंगवर कुणीतरी पैसे खर्च केलेले असतात. दुसऱ्याची मेहनत ही अमानत आहे. विचारा, बरेच जण आनंदाने हो म्हणतात. तो होकार लेखी, निदान मेसेजमध्ये तरी जपून ठेवा.

परवानगी आधीच दिलेले व्हिडिओही मिळतात. यूट्यूबवर शोधताना फिल्टरमध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स' निवडा. असे व्हिडिओ मूळ मालकाचं नाव देऊन पुन्हा वापरता येतात. विकिमीडिया कॉमन्सवरही मुक्त परवान्याचं साहित्य आहे.

एक नेहमीची अडचण : लग्नाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओला सिनेमाचं गाणं लावलं की यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते. मग आवाज बंद होतो, व्हिडिओ अडवला जातो किंवा त्याची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते. मालकाने थेट तक्रार केली तर 'स्ट्राइक' बसते. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनलच जाऊ शकतं.

३. पुरावा म्हणून जपणे

कधी व्हिडिओ जपून ठेवणं ही जबाबदारीच असते. आपल्याच गेवराई तालुक्यातील अर्धमसला गावच्या मस्जिदमध्ये ३० मार्च २०२५ रोजी पहाटे, ईदच्या आदल्या दिवशी, जिलेटिनच्या कांड्यांनी स्फोट झाला. पोलिसांनी त्याच दिवशी दोघांना अटक केली. त्यातल्या एकाचा हातात जिलेटिन घेतलेला व्हिडिओ समाजमाध्यमावर आल्याचंही समोर आलं. अशा व्हिडिओचं वजन मोठं असतं, पण तो जसाच्या तसा राहिला तरच.

अशी वेळ आली तर :

- व्हिडिओ तुमच्या मोबाइलने काढलेला असेल तर मूळ फाइल तशीच ठेवा. कापू नका, गाणं किंवा मजकूर टाकू नका, बाण-वर्तुळ काढू नका.
- व्हिडिओ ऑनलाइन दिसला असेल तर लिंक, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ वहीत लिहा. खातं आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पोस्ट तासाभरात उडवली जाऊ शकते.
- व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो, त्याचा दर्जा घसरतो. मूळ फाइल पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. दोन जीबीपर्यंतची फाइल जाते.
- एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. ज्या मोबाइलने चित्रण केलं तो विकू नका, रीसेट करू नका.
- मग पोलीस ठाण्यात द्या आणि दिल्याची पोच घ्या.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' नोंदवायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच समजा. फाइलमध्ये थोडाही बदल केला की तो ठसा बदलतो. म्हणून कापलेला, सजवलेला व्हिडिओ दहा हजार लोकांनी पाहिला तरी मूळ फाइलची बरोबरी करू शकत नाही.

४. पुढे पाठवणे : इथेच जीव जातात

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार केलं. भिक्षा मागत फिरणारी ही गरीब माणसं होती. त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा जोरात होत्या. देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यातून मूल उचलून नेताना दिसत. खरं तर ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची चित्रफीत होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला आणि उरलेला तुकडा भारतात पसरवला.

२०१३ मध्ये मुजफ्फरनगरच्या वेळीही तसंच. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये ऑगस्ट २०१० मध्ये दोन भावांना जमावाने मारलं होतं. तो जुना व्हिडिओ 'मुजफ्फरनगरचा' म्हणून फिरवला गेला आणि आगीत तेल पडलं.

दोन्ही ठिकाणी व्हिडिओतलं चित्रण खरंच होतं, पण गाव, तारीख आणि शेवट गायब होते. डाउनलोड करून फॉरवर्ड करताना नेमकं हेच घडतं. लिंक किंवा एम्बेड असेल तर मालक, तारीख आणि पूर्ण लांबी सोबत राहते. म्हणून ग्रुपवरही फाइलऐवजी लिंक पाठवण्याची सवय लावा.

तपासायचं कसं? व्हिडिओ थांबवून स्पष्ट दिसणाऱ्या जागेचा स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. तेच चित्र आधी कुठे आणि कधी आलं ते बऱ्याचदा सापडतं. दुकानांच्या पाट्या, गाडीचे नंबर, पोलिसांचा गणवेश, बोलीभाषा नीट पाहा-ऐका. ऑल्ट न्यूज, बूम आणि पीआयबी फॅक्ट चेक इथे शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाणांचं चिन्ह असेल तर तो मेसेज खूप हातांतून फिरून आला आहे. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो, त्यामागे कारण आहे.

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबर आली की आधी तहकीक करायचा हुकूम आहे, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं नुकसान करून नंतर पस्तावण्याची वेळ येते. ही आयत आपण बयानात अनेकदा ऐकतो. अंगठा फॉरवर्डवर जातो तेव्हा ती आठवली पाहिजे.

५. हे कधीच सेव्ह किंवा शेअर करू नका

- लहान मुलांचं लैंगिक चित्रण. 'लोकांना सावध करण्यासाठी' म्हणूनही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब नुसार ते पाहणं, उतरवणं आणि पसरवणं गुन्हा आहे. असं चित्रण नुसतं जवळ बाळगण्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात कठोर भूमिका घेतली आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा किंवा १०९८ वर फोन करा.
- अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही. पोक्सो कायद्याच्या कलम २३ ने त्याला बंदी आहे. 'न्याय मिळवून द्या' असं लिहून मुलीचा फोटो फिरवणाऱ्यांनी हे नीट वाचावं.
- कुणाचंही खासगी चित्रण. कलम ६६-ई नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा व्हिडिओ दाखवून कुणी धमकावत असेल तर मुलीला दोष देत बसू नका, मेसेज जपा आणि तक्रार करा.
- बायकांच्या मजलिसचं, लग्नातल्या जनानखान्याचं किंवा शाळेतल्या मुलींच्या कार्यक्रमाचं न विचारता केलेलं चित्रण. प्रत्येक वेळी कायद्याचं कलम लागेलच असं नाही, पण घराची इज्जत त्यात गुंतलेली असते. शूटिंग करण्याची परवानगी मिळाली म्हणजे ऑनलाइन टाकण्याची मिळाली असं होत नाही. दोन्ही वेगवेगळ्या विचारा.
- दोन समाजांत तेढ वाढवणारं काहीही. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आणि अफवांसाठी कलम ३५३ आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' एवढं म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

ग्रुप अ‍ॅडमिननाही एक माहिती हवी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की, समान हेतू नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. तरीही वादग्रस्त व्हिडिओ दिसला की तो सर्वांसाठी डिलीट करा, 'हे चुकीचं आहे' असं स्पष्ट लिहा आणि तणावाच्या दिवसांत ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' वर ठेवा. ईद, मिरवणुका आणि निवडणुकीच्या काळात हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

घरात लावण्यासारखी यादी

१. व्हिडिओ कोणाचा आणि कधीचा, हे मला माहीत आहे का?
२. मी पूर्ण पाहिला का, की फक्त तुकडा?
३. मालकाला विचारलं का, किंवा लिंक देऊन काम भागेल का?
४. यात कुणाची लेक, कुणाची मय्यत, कुणाची बेइज्जती तर नाही ना?
५. हा गुन्ह्याचा पुरावा असेल तर तो ग्रुपला द्यायचा की पोलिसांना?

पाचांपैकी एकाचंही उत्तर अडलं तर थांबा. आजच रात्री मुलांना शेजारी बसवून आपल्याच मोबाइलमधले शेवटचे पाच फॉरवर्ड या यादीवर तपासून पाहा. किती टिकतात ते मुलांनाच मोजू द्या.