रिप करंटचा माग: तरंगत्या उपकरणांचा इतिहास

फुटत्या लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी वाळूच्या बांधांमधील खोलगट वाटेने परत फिरते, तेव्हा समुद्राच्या दिशेने जो अरुंद, वेगवान प्रवाह तयार होतो, त्याला रिप करंट म्हणतात. हा प्रवाह माणसाला तळाशी खेचतो, हा समज दीर्घकाळ रूढ होता. कॅलिफोर्नियातील सागरी भूवैज्ञानिक फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३६ मध्ये त्यावर आक्षेप घेतला आणि १९४१ मध्ये सहकाऱ्यांसह या प्रवाहाचे चित्र रेखाटले: किनाऱ्यालगतचे पाणी एकत्र येते, निमुळत्या गळ्यातून बाहेर धावते आणि लाटा फुटण्याच्या पट्ट्यापलीकडे पसरते.

हे चित्र पारखणे मात्र कठीण होते, कारण तळाशी रोवलेला प्रवाहमापक एकाच बिंदूवरील वेग सांगतो, तेथून पुढे पाणी कोठे जाते हे सांगत नाही. त्यासाठी पाण्याबरोबर वाहणारी वस्तूच हवी होती. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातील निरीक्षणांत सी. जे. सोनू यांनी तरंगत्या वस्तू आणि रंग यांचा वापर केला. परंतु फुटती लाट हलक्या तरंगत्या वस्तूला आपल्या माथ्यावर घेऊन किनाऱ्याकडे फेकते, आणि मग ती वस्तू प्रवाहाचा नव्हे, लाटेचा मार्ग दाखवू लागते.

नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत जाणूनबुजून ठेवलेली अचूकतेची घट अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली आणि स्वस्त उपकरणे उपयोगी पडू लागली. २००३ मध्ये कॅलिफोर्निया व पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी लाटांच्या पट्ट्यासाठी जीपीएसयुक्त तरंगती उपकरणे वर्णिली. कॅलिफोर्नियातील उपकरणाच्या उभ्या नळीखालील चकती तिला लाटेवर स्वार होऊ देत नसे; ही साधी चकतीच या इतिहासातील खरी कलाटणी होय.

जेमी मॅकमहान आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, फ्रान्स व इंग्लंडमधील किनाऱ्यांवर अशी उपकरणे सोडली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी सुमारे ८० ते ९० टक्के उपकरणे खुल्या समुद्रात न जाता भोवऱ्यांसारख्या चक्राकार प्रवाहांत लाटांच्या पट्ट्यातच फिरत राहिली. त्यामुळे किनाऱ्याला समांतर पोहण्याच्या जुन्या सल्ल्याबरोबर शांतपणे तरंगत राहण्याचाही सल्ला चर्चेत आला. पुढे ऑस्ट्रेलियात माणसांनाच जीपीएस देऊन केलेल्या प्रयोगांत मात्र यांपैकी कोणतीही एक युक्ती प्रत्येक वेळी यशस्वी होत नाही, असे दिसले; म्हणून एका किनाऱ्यावरील मोजमापावरून सर्व किनाऱ्यांसाठी एकच नियम घालून देणे योग्य नाही.